ग्राफाइटपासून पारदर्शक वाहक थर: मिक्सर थांबवा, पापुद्रा मोठा राखा

प्रश्न थोडक्यात असा आहे. रत्नागिरीकडच्या दोन एमएस्सीच्या विद्यार्थिनींनी प्रकल्पासाठी ग्राफाइटची पूड, पाणी आणि भांडी घासायचा लिक्विड साबण घरच्या मिक्सरमध्ये फिरवून काळं द्रावण केलं आणि ते काचपट्टीवर पसरलं. थर जाड झाला की वीज वाहते, पण पलीकडचं दिसत नाही. पातळ केला की दिसतं, पण मल्टिमीटर हलत नाही. मधला एक थर जमला, तो ७० टक्के प्रकाश जाऊ देतो आणि त्याचा शीट रेझिस्टन्स (थराच्या चौरसाच्या समोरासमोरच्या दोन कडांमधला रेझिस्टन्स) ४० किलोओहम प्रति स्क्वेअर आहे. आता मिक्सर आणखी चालवायचा की हमर्सच्या पद्धतीकडे (ॲसिड आणि परमँगनेटने ग्राफाइटचं ऑक्साइड करून सोलायचं) वळायचं, आणि सोलर सेलवरच्या आयटीओऐवजी (इंडियम टिन ऑक्साइड, नेहमीचा पारदर्शक वाहक थर) हा थर चालेल का, असं त्यांनी विचारलंय.

शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करते, कारण त्याचं उत्तर कळलं की बाकीची दिशा ठरते. आयटीओऐवजी चालणार नाही. चांगल्या आयटीओच्या काचेचा शीट रेझिस्टन्स १० ते २० ओहम प्रति स्क्वेअर असतो आणि ८५ ते ९० टक्के प्रकाश आरपार जातो. ग्राफीन, म्हणजे ग्राफाइटमधला एका अणूइतका पातळ सुटा थर, त्या पातळीच्या जवळ गेलेलं आहे. २०१० साली दक्षिण कोरियात ३० इंची फिल्म तयार झाली, चार थरांची, नायट्रिक ॲसिडने डोप केलेली (म्हणजे वाहकता वाढवलेली), ९० टक्के पारदर्शक आणि सुमारे ३० ओहमची. पण ते ग्राफीन मिथेन वायूपासून तांब्याच्या पत्र्यावर हजार अंश सेल्सिअसच्या आसपास वाढवलेलं होतं, त्यात ग्राफाइट कुठेच नव्हतं. ग्राफाइट सोलून केलेल्या थराचं गणित वेगळं आहे. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ८० टक्के पारदर्शकतेला काही किलोओहम गाठलेत तर तो उत्तम प्रकल्प आहे, आणि स्थिर वीज साचू न देणारं आवरण, छोटा सेन्सर, फार करंट न लागणारी रंग बदलणारी काच अशा कामांना तेवढं पुरतं.

आता तुमचा थर किती चांगला हे नेमकं कसं मोजायचं ते बघू. नुसती पारदर्शकता किंवा नुसता रेझिस्टन्स सांगून काही कळत नाही, दोन्ही एका आकड्यात आणावे लागतात. ५५० नॅनोमीटरला मोजलेल्या पारदर्शकतेचं (दशांशात) वर्गमूळ काढा, १ ला त्याने भागा, आलेल्या उत्तरातून १ वजा करा. त्याला शीट रेझिस्टन्सने गुणा आणि १८८.५ ला त्या गुणाकाराने भागा. (१८८.५ म्हणजे निर्वात पोकळीच्या ३७७ ओहम इम्पिडन्सचा अर्धा.) तुमच्या थराला हे लावलं तर ०.७ चं वर्गमूळ ०.८३७, त्यावरून ०.१९५, गुणिले ४०,०००, म्हणजे सुमारे ७,८००. उत्तर ०.०२४. ९० टक्के आणि १०० ओहम ही उद्योगाची साधारण किमान अपेक्षा धरली तर हाच आकडा ३५ यायला हवा. यापुढे प्रत्येक थराशेजारी हा एकच आकडा वहीत लिहा. जाड थर आणि पातळ थर यांची तुलना त्यानेच होते, आणि प्रयोगात सुधारणा झाली की थर नुसता जाड झाला हे लगेच उघड होतं.

०.०२४ इतका कमी का आला, हा खरा मुद्दा आहे, आणि माझ्या मते तुमच्या सगळ्या अडचणीचं मूळ तिथेच आहे. ग्राफीनचा एक थर २.३ टक्के प्रकाश शोषतो. म्हणजे ९० टक्के पारदर्शकता हवी तर खर्चायला जेमतेम चार थर हातात आहेत. त्या चार थरांत वीज एका पापुद्र्यावरून दुसऱ्यावर उड्या मारत जाते. पापुद्र्याच्या आत तिला फारसा अडथळा नसतो, जवळजवळ सगळा रेझिस्टन्स सांध्यांवर असतो. मिक्सरमधून निघणारे पापुद्रे साधारण अर्धा मायक्रॉन लांबीचे. एक सेंटिमीटर जायला विजेला वीसेक हजार सांधे ओलांडावे लागतात. पापुद्रा १०० मायक्रॉनचा असेल तर शंभर.

हे नुसतं कागदावरचं गणित नाही. २०१० मध्येच चीनमधल्या शेनयांगच्या गटाने ग्राफीन ऑक्साइडचे (ऑक्सिजन जोडलेल्या ग्राफीनचे) मोठे आणि छोटे पापुद्रे वेगळे ठेवून दोन थर केले. मोठ्या पापुद्र्यांचा थर ७८ टक्के पारदर्शकतेला ८४० ओहम आला, छोट्यांचा ७९ टक्क्यांना १९.१ किलोओहम. वरचं गणित लावून बघा: पहिल्याला १.७, दुसऱ्याला ०.०८. पदार्थ तोच, पारदर्शकता तीच, फरक वीसपटीहून जास्त.

म्हणून मिक्सर आणखी चालवू नका. पद्धत खोटी नाही. २०१४ मध्ये डब्लिनच्या ट्रिनिटी कॉलेजने हेच करून दाखवलं, किचन ब्लेंडर आणि डिशवॉशिंग लिक्विड वापरून सुद्धा. द्रवातला शिअर रेट (द्रवाचे थर एकमेकांवरून घसरण्याचा दर) सेकंदाला दहा हजारांच्या वर गेला की ग्राफाइट सुटायला लागतं. तुमच्या भांड्यात ग्राफीन नक्की आहे. पण जास्त फिरवल्याने ते पातळ होण्याऐवजी तुटत जातं, आणि साबणातलं मीठ, रंग, सुगंध हे सगळं पापुद्र्यांच्या मध्ये जाऊन बसतं, म्हणजे आधीच वाईट असलेल्या सांध्यात आणखी इन्सुलेटर. ते द्रावण टाकू नका. कागदावर जाड थर देऊन वाहक शाई म्हणून वापरा, तिथे पारदर्शकता लागतच नाही.

पारदर्शक थरासाठी तुमच्यापुढे दोन वाटा आहेत, आणि कुठली घ्यायची हे तुमच्या प्रयोगशाळेतल्या फ्यूम हूडवर (विषारी वाफा बाहेर ओढणाऱ्या कपाटावर) ठरवा. हूड नीट ओढत असेल, सोबत अनुभवी सर किंवा मॅडम उभे राहणार असतील, तरच हमर्स. नसेल तर विजेने सोलायची पद्धत घ्या.

विजेची आधी सांगते, ती सोपी आहे. पेन्सिलचं शिसं घेऊ नका, त्यात चिकणमाती असते. गॅस्केटसाठी मिळतो तो ग्राफाइट फॉइल घ्या. त्याची पट्टी धन टोकाला, दुसरी ऋण टोकाला, मध्ये ०.१ मोलर अमोनियम सल्फेट (लिटरला साधारण १३ ग्रॅम), आणि १० व्होल्ट डीसी. सल्फेट आणि पाणी थरांच्या फटीत शिरतं, तिथे वायू सुटतो आणि पट्टी फुगून सुटायला लागते. ऋण टोकाला हायड्रोजन निघतो, त्यामुळे खिडकी उघडी हवी आणि जवळ बर्नर नको. सुटलेला काळा गाळ गाळून भरपूर डिस्टिल्ड पाण्याने धुवा, डीएमएफमध्ये (डायमिथाइल फॉर्मामाइड, एक द्रावक) काही मिनिटंच सोनिकेट करा (अल्ट्रासाउंडने हलवा), रात्रभर स्थिर ठेवा आणि वरचं पाऊण भांडं काढून घ्या. डीएमएफ त्वचेतून शरीरात जातं आणि गर्भाला घातक आहे, म्हणून ब्यूटाइल रबराचे हातमोजे घाला, साधे पातळ लॅटेक्सचे चालत नाहीत. यात मिळणारे पापुद्रे बहुतेक एक ते तीन थरांचे आणि काही मायक्रॉनचे असतात. मिक्सरपेक्षा पुष्कळ बरे, आणि रिडक्शनची, म्हणजे ऑक्सिजन काढून टाकायची, कटकट नाही.

मोठ्यात मोठा पापुद्रा हवा असेल तर मात्र ग्राफीन ऑक्साइडला पर्याय नाही, कारण पाण्यात ऑक्साइड आपलं आपण सुटतं, त्याला मारझोड लागत नाही. हमर्स आणि ऑफमन यांची १९५८ ची मूळ कृती सोडियम नायट्रेटची आहे. त्यातून नायट्रोजनचे विषारी वायू निघतात, ती नको. २०१० ची सुधारित कृती घ्या: सल्फ्युरिक आणि फॉस्फरिक ॲसिड ९ ला १ या प्रमाणात, १ ग्रॅम ग्राफाइटला मिळून सुमारे १३३ मिलिलिटर, आणि ६ ग्रॅम पोटॅशियम परमँगनेट. पहिल्यांदा एका ग्रॅमच्या वर जाऊ नका. ग्राफाइट पूड नको, मोठ्या पत्रीचं घ्या, १०० मेशच्या चाळणीवर राहणारं म्हणजे १५० मायक्रॉनहून मोठं. तमिळनाडूच्या शिवगंगेकडे अशा पत्रीच्या ग्राफाइटच्या खाणी आहेत.

इथे जरा थांबते, कारण या एका पायरीवर लोक भाजले आहेत. परमँगनेट गाढ्या सल्फ्युरिकमध्ये पडलं की मँगनीज हेप्टॉक्साइड तयार होतं, हिरवट तेलकट दिसतं. ते ५५ अंशांच्या आसपास स्फोटासारखं फुटतं, आणि ॲसिटोन, अल्कोहोल, टिश्यू पेपर असं काहीही सेंद्रिय लागलं तर त्याहून आधी पेटतं. म्हणून भांडं बर्फात, परमँगनेट चिमटी चिमटीने, थर्मामीटर सतत आत, आणि टेबलावर ॲसिटोनची बाटली असता कामा नये. छापील कृतीत ५० अंश आणि १२ तास दिलेत. ५० आणि ५५ मधलं अंतर मला फार कमी वाटतं. मी ४० च्या वर जाऊ देत नाही, वेळ वाढवते. तापवायला हॉटप्लेट नको, वॉटर बाथ घ्या. पावसाळ्यात तुमच्याकडे लाइट जाते ते लक्षात ठेवा: ढवळणं थांबलं की उष्णता एका जागी साचते. लाइट गेली तर भांडं लगेच बर्फात घालता येईल इतका बर्फ आधीच आणून ठेवा. मासळी मार्केटमध्ये बर्फ हवा तेवढा मिळतो, त्यात कंजूषपणा करू नका. पण तो भांड्याच्या बाहेरच वापरा, आत कधीच नाही.

काम झालं की मिश्रण डिस्टिल्ड पाण्याच्या बर्फावर हळूहळू ओता आणि थेंबाथेंबाने हायड्रोजन पेरॉक्साइड घाला. जांभळट-तपकिरी लगदा बघता बघता लख्ख पिवळा होतो. पिवळा आला नाही, करडा राहिला, तर ऑक्सिडेशन अर्धवट आहे. मोठ्या पत्रीला वेळ जास्त लागतो, तेव्हा पुढच्या वेळी तास वाढवा, उष्णता वाढवू नका.

मग धुणं, आणि इथे किनाऱ्यावरच्या माणसाने विशेष जपायला हवं. पहिली धुणी एकास दहा हायड्रोक्लोरिक ॲसिडने, म्हणजे मँगनीज आणि पोटॅशियम निघून जातं. नंतर डिस्टिल्ड पाणी. जसजसं ॲसिड उतरतं तसतसा खालचा गाळ फुगतो. पीएच चार-पाचला आला की तो गाळ राहत नाही, मधासारखा दाट, तपकिरी सोनेरी जेल होतो. बाटली हळूच फिरवली की आत रेशमी लहरी चमकतात. ती चमक म्हणजे मोठे पापुद्रे एकाच दिशेने रांगेत उभे राहिल्याची खूण, आणि ती दिसली की मला निम्मं काम झाल्यासारखं वाटतं. पण या जेलला क्षार अजिबात सहन होत नाहीत. ऑक्साइडचे पापुद्रे ऋण विद्युतभारामुळे एकमेकांपासून दूर राहतात. क्षार आले की तो भार झाकला जातो आणि सगळं गोळा होऊन तळाला बसतं. खाडीकाठच्या विहिरी आणि बोअर एप्रिल-मेमध्ये मचूळ होतात हे तुम्हाला मी सांगायला नको. शंका असेल तर दोन टेस्ट ट्यूबमध्ये पातळ द्रावण घ्या, एकीत तुमचं धुण्याचं पाणी टाका, दुसरीत खात्रीचं डिस्टिल्ड. पहिलीत तपकिरी कापसासारखे पुंजके दिसले तर ते पाणी बाद. बॅटरीच्या दुकानातलं पाणी घेतलं तरी टीडीएस मीटर (विरघळलेले क्षार मोजणारा) लावून बघा.

सोनिकेटर या वाटेला अजिबात नाही. जेल पाण्यात सोडा, सावकाश हलवत ठेवा, ते आपोआप सुटतं. सोनिकेटरमध्ये घातलंत की शंभर मायक्रॉनचा पापुद्रा एका मायक्रॉनवर येतो आणि तुम्ही परत मिक्सरपाशी पोहोचता. सेंट्रिफ्यूज मंद गतीने फिरवून न सुटलेलं ग्राफाइट काढा. मग वरचं द्रावण घेऊन गती वाढवा, आणि या वेळी खाली बसलेलं ठेवा, वरचं टाका. बहुतेक जण उलटं करतात. त्यांना वरचं स्वच्छ द्रावण चांगलं वाटतं, पण त्यात छोटे तुकडे असतात, तुमचे मोठे पापुद्रे खाली आहेत. आणि वहीत फक्त आरपीएम लिहू नका, रोटरची त्रिज्या लिहा. १० सेंटिमीटर त्रिज्येला ३,००० आरपीएम म्हणजे सुमारे १,००० जी (गुरुत्वाकर्षणाच्या हजारपट). दुसऱ्या यंत्रावर तोच आरपीएम वेगळं काम करतो.

थर घालताना लागणारा माल बघून तुम्ही चकित व्हाल. एक ग्रॅम ग्राफीन एकेरी पसरलं तर सुमारे १,३०० चौरस मीटर व्यापतं, म्हणजे तेरा गुंठे जमीन. तुमच्या गाळणीचा उपयोगी व्यास ३५ मिलिमीटर असेल तर चार-पाच थरांसाठी तीन-साडेतीन मायक्रोग्रॅम लागतात. ऑक्साइड जड असतं म्हणून दुप्पट धरा. लिटरला अर्धा मिलिग्रॅम इतकं पातळ द्रावण करून त्यातलं पंधरा-वीस मिलिलिटर पुष्कळ झालं. ड्रॉपरने काचेवर थेंब टाकून वाळवू नका, कडेला जाड कडं येतं आणि मध्ये काही उरत नाही. सेल्युलोज एस्टरच्या मेम्ब्रेनवर (बारीक छिद्रांच्या गाळणीवर) व्हॅक्यूमने गाळा. जिथे थर जाड होतो तिथून पाणी कमी जातं, बाकीचं पातळ जागी वळतं, त्यामुळे थर स्वतःच सारखा होत जातो. मग मेम्ब्रेन ओली असतानाच काचेवर पालथी दाबा, वजन ठेवून वाळवा आणि ॲसिटोनमध्ये मेम्ब्रेन विरघळवा. काच इतकी स्वच्छ हवी की पाणी टाकल्यावर थेंब न होता सलग पसरेल. त्यासाठी पिरान्हा द्रावणाच्या (सल्फ्युरिक आणि पेरॉक्साइडच्या जहाल मिश्रणाच्या) वाटेला जाऊ नका, साबण, डिस्टिल्ड पाणी आणि मग यूव्ही-ओझोन पुरे.

यानंतर काच १२० ते १५० अंशांवर तासभर ठेवा, म्हणजे थर काचेला धरतो आणि पुढच्या ओल्या पायरीत सुटत नाही. ओव्हनमध्ये फक्त थर दिलेली काच ठेवायची. सुक्या ऑक्साइडचा ढीग कधीही ओव्हनमध्ये नको, दोनशे अंशांच्या आसपास तो भपकन पेटतो, आणि धुणं अपुरं राहून पोटॅशियम शिल्लक असेल तर आणखी जोरात.

ऑक्साइड वीज वाहत नाही, त्याचं रिडक्शन करावं लागतं. ते थर घातल्यावरच करा. द्रावणातच केलंत तर पापुद्रे एकमेकांना चिकटून पुन्हा ग्राफाइटसारखे होतात. हायड्रॅझीनची शिफारस सगळीकडे दिसेल. ते विषारी आहे, कर्करोगाशी त्याचा संबंध आहे, तुमच्या प्रयोगशाळेत ते आणूच नका. ॲस्कॉर्बिक ॲसिड म्हणजे व्हिटॅमिन सी, पाण्यात ९० ते ९५ अंशांवर, ही तुमच्यासाठी योग्य पायरी. हायड्रोआयोडिक ॲसिड याहून बराच चांगला निकाल देतं, शेनयांगच्या गटानेही तेच वापरलं होतं, पण ते हूडमध्येच, आणि नंतर आयोडीन जाईपर्यंत इथेनॉलने धुवायचं. भट्टीत तापवायचं असेल तर आर्गॉन हवा. हवेत चारशेच्या पुढे थर जळून जातो, आणि साध्या काचपट्टीला साडेपाचशेच्या आसपास आकार धरवत नाही.

मोजणीबद्दल एक गोष्ट तुम्हाला कुठल्याही शोधनिबंधात ठळक मिळणार नाही, पण कोकणात ती आधी कळायला हवी. ऑक्साइड हवेतलं पाणी धरून ठेवतं, आणि ओलं ऑक्साइड प्रोटॉनमार्फत थोडी वीज नेतं. जुलैत हवेतली आर्द्रता नव्वदीला टेकलेली असताना रिडक्शन न केलेला थरही मल्टिमीटरवर आकडा दाखवेल आणि तुम्हाला वाटेल जमलं. ओळखायची खूण सोपी आहे: प्रोब तसेच धरून ठेवा. आकडा सेकंदा-सेकंदाला चढत गेला तर ती आयनांची वाहकता, खरी नव्हे. खऱ्या थराचा आकडा स्थिर राहतो. दरवेळी काच ८० अंशांवर वाळवून, सिलिका जेलच्या डेसिकेटरमध्ये (हवाबंद, कोरड्या भांड्यात) गार करून, बाहेर काढल्यावर लगेच मोजा, आणि त्या दिवसाची आर्द्रता वहीत लिहा. नायट्रिकच्या वाफेने डोपिंग करून रेझिस्टन्स खाली आणता येतो, पण दमट हवेत तो परिणाम टिकत नाही, त्यामुळे डोपिंगआधीचा आकडा मुख्य माना.

दोन प्रोब थरावर टेकवून येणारा ओहम म्हणजे शीट रेझिस्टन्स नव्हे. चार प्रोब असतील तर व्होल्टेज भागिले करंट गुणिले ४.५३, अट एवढीच की प्रोबमधल्या अंतराच्या मानाने थर पुरेसा मोठा हवा. नसतील तर थराचा नेमका चौरस राखून दोन समोरासमोरच्या कडांना पूर्ण रुंदीभर सिल्व्हर पेस्टची पट्टी ओढा आणि त्या पट्ट्यांमधला रेझिस्टन्स घ्या. पारदर्शकतेसाठी यूव्ही-व्हिजिबल स्पेक्ट्रोमीटरमध्ये कोरी काच संदर्भ म्हणून ठेवा. ऑक्साइड झालं का हे एक्सआरडीत, म्हणजे एक्स-रे कुठल्या कोनात वळतात ते बघून, कळतं: ग्राफाइटचं २६.५ अंशांचं शिखर जाऊन १०-११ अंशांपाशी नवं येतं. पापुद्र्याचा आकार मात्र डोळ्याने बघायलाच हवा. ३०० नॅनोमीटर ऑक्साइड असलेल्या सिलिकॉनच्या तुकड्यावर एक थेंब वाळवलात तर मोठे पापुद्रे साध्या मेटलर्जिकल मायक्रोस्कोपखालीही दिसतात. त्याहून बारकाईने हवं असेल तर पवईच्या आयआयटीतल्या सॅइफ या उपकरण केंद्रात बाहेरच्या कॉलेजांचे नमुने शुल्क घेऊन एसईएमखाली (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली) बघून देतात.

धुण्यातून लिटरच्या लिटर आंबट, मँगनीज असलेलं पाणी निघतं. ते बेसिनमध्ये नाही आणि परसातही नाही. जांभ्यातून पाणी झरझर खाली उतरतं आणि शेजारच्या विहिरीत जातं. एका प्लास्टिकच्या कॅनमध्ये साठवा, पाण्यात कालवलेला चुना थोडा थोडा घालत पीएच दहापर्यंत न्या, मँगनीज तपकिरी गाळ होऊन बसेल. वरचं पाणी पुन्हा पीएच सातला आणून मगच सोडा, आणि गाळ वाळवून कॉलेजच्या घातक कचऱ्यात द्या.

पहिला थर जमला की पारदर्शकता, शीट रेझिस्टन्स, आर्द्रता आणि पापुद्र्याचा मायक्रोस्कोपखालचा फोटो असं एकत्र कळवा. सुरुवातीच्या सूत्राने काढलेला आकडा ०.५ च्या वर असेल तर पुढे डोपिंगचं बोलू. खाली असेल तर आधी फोटोतल्या पापुद्र्यांची लांबी मोजून बघा.